दोघं एकदम बोलू लागली की

नोव्हेंबर अर्धा सरला की ब्रॅकनेलमध्ये दुपारी चारच्या सुमारास दिवे लावावे लागतात. तशाच एका नोव्हेंबरात आमचं घर फार शांत झालं होतं. मुलगी सप्टेंबरात विद्यापीठात राहायला गेली होती आणि नवऱ्याची चौदा वर्षांची नोकरी पंधरा मिनिटांच्या एका मीटिंगमध्ये संपली होती. एका शनिवारी टाउन सेंटरमधल्या चॅरिटी शॉपमध्ये मला जुन्या कृष्णधवल अमेरिकन सिनेमांच्या सहा डीव्हीडींचा खोका दोन पौंडांना मिळाला. वरच्या चित्रात एक बाई, एक भेदरलेला चष्मेवाला, आणि दोघांच्या मधे चक्क बिबट्या. त्या बिबट्याकडे बघून मी खोका उचलला.

डिसेंबरात सासूबाई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. दर शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की एक सिनेमा, असा नेमच पडला. सहा संपले तसे आम्ही आणखी शोधून आणले. आईंनी येताना कालनिर्णय आणलं होतं. त्यातल्या शुक्रवारच्या चौकोनात मी सिनेमाचं नाव आणि पुढे दोन-चार शब्द लिहून ठेवायची. वर्ष संपलं, पण ते कॅलेंडर टाकवलं नाही. पुढचं सगळं त्या चौकोनांतून उचललेलं आहे.

१. घर शांत आहे म्हणजे घरात सगळं ठीक आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) लावला तेव्हा पाचव्या मिनिटाला मी रिमोट हातात घेतला. वाटलं, डीव्हीडी जोरात पळतेय. पळत नव्हती. कॅरी ग्रँट आणि रोझलिंड रसेल खरोखरच तसं बोलत होते. तो वर्तमानपत्राचा संपादक, ती त्याची सगळ्यात चांगली बातमीदार आणि घटस्फोट घेतलेली बायको. ती सांगायला आलीय की मी आता दुसऱ्याशी लग्न करतेय. पण एवढं साधं वाक्य टाकायला तिला फट सापडत नाही, कारण दोघंही एकमेकांचं बोलणं संपू देत नाहीत. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सची यामागे एक युक्ती होती. वाक्याच्या तोंडाला आणि शेपटाला बिनमहत्त्वाचे शब्द येतील असे संवाद त्यानं लिहून घेतले. मग समोरच्यानं आपलं वाक्य त्यावर चढवलं तरी मधला मुद्दा बुडत नाही. ज्या नाटकावरून हा सिनेमा आला, त्या ‘द फ्रंट पेज’मध्ये (१९२८) हा बातमीदार पुरुष होता. हॉक्सनं त्याची बाई केली, आणि संपादक-बातमीदाराची झटापट नवरा-बायकोची झाली.

बघता बघता मला सांगलीचं माहेरचं स्वयंपाकघर आठवलं. पाटावर पाच जण आणि पाचही जण एकदम बोलणारे. बाहेरच्याला वाटलं असतं, भांडण लागलंय. आम्हाला प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य कळायचं. इंग्लंडला आल्यावर पहिल्याच नोकरीत एका वयस्कर सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन, अगदी मायेनं सांगितलं, की समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं. मी शिकले. समोरचा थांबला की एका श्वासाची जागा सोडायची आणि मग तोंड उघडायचं. ती सवय माझ्याबरोबर ऑफिसातून घरी कधी आली, ते माझ्या लक्षातच आलं नाही. नवऱ्यालाही तीच लागली होती. नोकरी गेली त्या संध्याकाळी तो बोलला, मी ऐकलं. मग मी बोलले, त्यानं ऐकलं. नंतर तो उठला आणि बाहेर जाऊन गाडी धुवू लागला, त्या थंडीत, अंधारात. मी खिडकीतून बादलीतली वाफ बघत उभी राहिले.

त्या शुक्रवारच्या चौकोनात लिहिलंय, ‘हे दोघं थांबतच नाहीत.’

२. भिंत नावापुरती असली तरी पुरते.

‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) मध्ये बापाच्या तावडीतून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार यांना प्रवासात एका खोलीत रात्र काढावी लागते. तो दोन खाटांच्या मधे दोरी बांधतो आणि तिच्यावर एक पांघरूण टाकतो. बस, एवढीच भिंत. पलीकडे तिची सावली हलते, इकडे तो छताकडे बघत पडतो. दोघं अंधारात पांघरुणाशी बोलतात, आणि प्रेक्षकाला कळून चुकतं की आता या दोघांची सुटका नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून अमेरिकन सिनेमावर नीतिनियमांची संहिता कडकपणे लागू झाली. पडद्यावर जवळ येणं अवघड झालं, तसं सगळं काम बोलण्यावर आणि अशा पांघरुणांवर येऊन पडलं.

नायिका क्लॉडेट कोल्बेर हिला या सिनेमाकडून काही आशा नव्हती. ऑस्करच्या रात्री ती रेल्वेनं गावाला निघाली होती, तिला स्टेशनवरून आणावं लागलं. चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका, पटकथा अशी पाचही मोठी पारितोषिकं त्या एका सिनेमानं नेली. तसं तोवर कधी घडलं नव्हतं. आपल्याकडे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) त्याच गोष्टीवर उभे आहेत. दोन्ही मी पाहिले होते आणि मूळ कुठलं ते विचारलंही नव्हतं.

पण मला हलवलं ते त्या दोरीनं. मी सहा वर्षांची असताना धाकट्या काकाचं लग्न झालं. आमच्या दोन खोल्या, माणसं आठ. आतल्या खोलीत कपाटापासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी बांधून आजीनं आपलं जुनं, बाळाच्या कुंचीसारखं मऊ झालेलं नऊवारी त्यावर टाकलं. अलीकडे आजी आणि मी. पलीकडून कुजबूज यायची, मग काकूचं दाबलेलं हसणं, मग काका ‘शूऽऽ’ करायचा आणि तो ‘शूऽऽ’ ऐकून ती आणखी हसायची. आजी माझ्या कानावर हात ठेवायची. काकू आता सत्तरीची आहे. पुढे तिला चार खोल्यांचं घर मिळालं, पण तिचं ते हसणं माझ्या मनात त्या लुगड्याच्या मागेच राहिलंय.

३. ‘स्क्रूबॉल’ म्हणजे आपला गुगली.

बेसबॉलमध्ये चेंडू ज्या बाजूला वळेल असं वाटतं, त्याच्या उलट वळवणाऱ्या फेकीला स्क्रूबॉल म्हणतात. तिशीच्या दशकात कार्ल हबेल नावाच्या खेळाडूनं ती गाजवली आणि शब्द या सिनेमांना चिकटला. गुगली म्हटल्याबरोबर नवऱ्याला सगळं समजलं. मग प्रत्येक सिनेमात तो चेंडू नेमका कुठे वळला, हे तो मोठ्यानं सांगू लागला. आई म्हणायच्या, “अरे, बघू दे की.”

४. हसवणाऱ्यानं हसायचं नसतं, हे कॅथरीन हेपबर्नलासुद्धा शिकावं लागलं.

खोक्यावरच्या बिबट्याचा सिनेमा तो हाच, ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८). बिबट्याचं नाव बेबी. हेपबर्न तोवर गंभीर भूमिका करणारी. सुरुवातीला तिच्याकडून विनोदी प्रसंग होईनात. ती विनोद करतेय हे चेहऱ्यावर दाखवायची, स्वतःच हसायची. याचाही दिग्दर्शक असलेल्या हॉक्सनं वॉल्टर कॅटलेट नावाच्या जुन्या रंगमंचावरच्या विनोदवीराला बोलावलं. त्यानं तिचाच प्रसंग तिला करून दाखवला, अगदी गंभीर चेहऱ्यानं, जणू जीवनमरणाचा प्रश्न आहे. ती एवढी प्रभावित झाली की त्याला सिनेमात घ्याच म्हणून अडून बसली. त्यातला गावाचा फौजदार तो कॅटलेट.

हॉटेलातला प्रसंग आम्ही त्या रात्री तीनदा लावला. गर्दीत ग्रँटचा पाय तिच्या लांब झग्यावर पडतो आणि मागचा सगळा भाग टर्रकन फाटून येतो. तिला पत्ता नाही. ती त्याला झापतेय. तो आधी आपली हॅट तिच्यामागे धरतो. ती भडकते. तो काही सांगायला जातो, ती ऐकत नाही. आणि मग तिचा हात मागे जातो. चेहरा क्षणभर कोरा होतो. पुढच्याच क्षणाला ती त्याला हुकूम करते, आणि तो तिच्या पाठीला अगदी चिकटून, तिच्या पावलात पाऊल टाकत, दोघं एखाद्या चारपायी प्राण्यासारखी भर हॉटेलातून बाहेर पडतात. आईंना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांना एकही संवाद कळला नव्हता. पण त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला धावले, तर मला हातानंच खूण केली, ‘ते परत लाव.’

हा सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही. त्याच वर्षी चित्रपटगृहांच्या मालकांनी जाहिरात देऊन जे तारे धंद्याला मारक ठरवले, त्यांत हेपबर्नचं नाव होतं. दोनच वर्षांत ती ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ घेऊन परतली. नवऱ्याला मी हे मुद्दाम सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानंच हेपबर्नबद्दल आणखी वाचून काढलं.

५. जे मी अमेरिकेत शोधत होते ते कोल्हापुरात त्याच साली झालं होतं.

ठसका थांबल्यावर आईंनी विचारलं, “हा चष्मेवाला कोण?”

मी म्हटलं, “शास्त्रज्ञ आहे. हाडं जुळवतो, प्रचंड मोठ्या प्राण्याची. उद्या त्याचं लग्न आहे, आणि ही बाई त्याला काही केल्या सोडत नाही.”

“मग हा आपला ‘ब्रह्मचारी’च की गं.”

मी बघतच राहिले. ‘ब्रह्मचारी’ सुद्धा १९३८चाच. आचार्य अत्र्यांची कथा, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन आणि त्यांचीच मुख्य भूमिका, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा सिनेमा. औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून भारावतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, व्यायाम सुरू करतो आणि आश्रमासारख्या संस्थेत जाऊन राहतो. तिथं किशोरी त्याच्या मागे लागते. मीनाक्षी शिरोडकरांनी त्यात पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हटलं आणि महाराष्ट्रभर खळबळ उडाली. आईंनी तो पुढे कधीतरी मॅटिनीला पाहिला होता, आणि त्याआधी त्यांच्या आईकडून ऐकला होता. एकीकडे हाडांच्या सांगाड्यात अडकलेला पुरुष, दुसरीकडे व्रतात अडकलेला. दोघांनाही ओढून बाहेर काढायला आलेली बाई, जिला लाज, भीड, धीर यांपैकी काहीच नाही. हॉक्सला अत्रे ठाऊक असण्याची शक्यता नाही आणि अत्र्यांचा सिनेमा हॉक्सवरून आलेला नाही. तरी एकाच वर्षी दोन टोकांना एकच गोष्ट सुचली, याचं मला आजही नवल वाटतं. दोन्हीकडे मुली शिकत होत्या, बोलत होत्या आणि पुरुषांना ते आवडतही होतं, घाबरवतही होतं. कारण बहुधा हेच असावं.

आई मग विनोदी नट दामुअण्णा मालवणकरांवर गेल्या, ‘ब्रँडीची बाटली’वर, ‘लग्न पहावं करून’मधल्या चिमणराव-गुंड्याभाऊंवर. बारा वाजले. त्या एवढं सलग बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मी मधे मधे बोलत होते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

६. एकच कुत्रा तीन घरांत राहू शकतो.

‘ब्रिंगिंग अप बेबी’त ते अमोल हाड पळवून नेऊन पुरतो तो कुत्रा, ‘द ऑफुल ट्रुथ’मध्ये ज्याच्या ताब्यावरून नवरा-बायको कोर्टात जातात तो कुत्रा, आणि ‘द थिन मॅन’मधला अॅस्टा, हा एकच. नाव स्किपी. आईंनी त्याला कानांवरून ओळखलं, आमच्या दोघांच्या आधी.

७. नोकरी गेलेल्या माणसाला सहानुभूती दाखवावी, असं मला वाटायचं. त्याला हसू हवं होतं.

‘माय मॅन गॉडफ्री’ (१९३६) लावताना मी कचरले होते. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. सिनेमा सुरू होतो तो न्यूयॉर्कच्या नदीकाठच्या उकिरड्यावर. श्रीमंतांच्या एका पार्टीतला खेळ आहे. वस्तू गोळा करून आणायच्या, आणि यादीत एक वस्तू आहे ‘कुणाला आठवत नाही असा माणूस’. दोन बहिणी उकिरड्यावरून तसा माणूस न्यायला येतात. त्यांतली धाकटी त्याला घरी बटलर म्हणून ठेवते. पुढे कळत जातं की त्या सबंध हवेलीत डोकं ठिकाणावर असलेला एकटा तोच. विल्यम पॉवेल आणि कॅरोल लोम्बार्ड यांनी ही जोडी केली. खऱ्या आयुष्यात ते नवरा-बायको होते आणि १९३३ मध्ये वेगळे झाले होते. तरी या भूमिकेला तीच हवी, असं पॉवेलनं स्वतः सांगितलं.

मला धास्ती होती, नवऱ्याला लागेल. तो खेळाचा प्रसंग त्यानं निश्चल बसून पाहिला. गॉडफ्रीनं त्या श्रीमंतांच्या घोळक्यासमोर उभं राहून त्यांना चार शब्द सुनावले, तेव्हा हा सोफ्यावर पुढे सरकला. पुढे ती लोम्बार्ड प्रेमात वेडी होऊन घरभर उड्या मारू लागली आणि हा हसायला लागला. ऑक्टोबरापासून तो हसला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळत होते, तर तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि त्या पंधरा मिनिटांच्या मीटिंगची गोष्ट सांगू लागला, पहिल्या वाक्यापासून. मला राहवलं नाही. मी मधेच म्हटलं, “असं म्हणाला? आणि तू गप्प बसलास?” तो म्हणाला, “ऐक तर,” मी म्हटलं, “नाही, तू आधी सांग,” आणि आमचं दोघांचं एकदम सुरू झालं. कणकेचा हात तसाच. चहा उतू गेला. कुणी कुणासाठी थांबलं नाही.

८. जे आवडतं त्यातलं सगळंच आवडून घेता येत नाही.

प्रेस्टन स्टर्जेसच्या ‘द पाम बीच स्टोरी’त (१९४२) रेल्वेच्या डब्यात दारू पिऊन बंदुका झाडणारे शिकारी श्रीमंत आहेत, आणि त्यांच्यासमोर जीव मुठीत धरून उभा असलेला काळा नोकर आहे. तिथं हसणं अपेक्षित आहे. मला ते जमलं नाही. या सिनेमांतल्या बहुतेक घरांत दार उघडणारे, पेले भरणारे काळे लोक आहेत आणि त्या भराभर बोलणाऱ्या जगात त्यांच्या वाट्याला वाक्यं नाहीत. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ सुरू होतानाच ग्रँट हेपबर्नला चेहऱ्यावर हात ठेवून खाली ढकलतो, तेही मला बघवत नाही. मी हे सिनेमे पुन्हा बघते, आणि त्या जागा आल्या की त्या जागा आहेत हे मोठ्यानं बोलून दाखवते. मुलीबरोबर बघताना तर नक्कीच.

९. ज्या गावात मी बावीस वर्षं राहिले त्याचं नाव एका सासूला दिलेलं आहे.

लंडनमध्ये कुणा वयस्कर इंग्रज माणसाला ‘ब्रॅकनेलला राहते’ म्हटलं की ते गालात हसतात. मला वाटायचं, आमच्या गावातल्या असंख्य चक्राकार चौकांना हसत असतील. ब्रॅकनेल हे १९४९ साली ‘नवं शहर’ म्हणून आखलेलं. जवळजवळ सगळं दुसऱ्या महायुद्धानंतरचं, सरळ, सोयीचं. इथं गोष्ट कुठली असणार, असा माझा समज होता. साउथ हिल पार्कच्या जुन्या हवेलीत १९७३ पासून कलाकेंद्र आहे. मुलीच्या नाचाच्या क्लाससाठी सहा वर्षं दर मंगळवारी मी तिथं तळ्याकाठच्या हंसांना बघत बसले. शेजारच्या नाट्यगृहाचं नाव वाइल्ड थिएटर. वाइल्ड कोण, तो इथं कसा, हा प्रश्न सहा वर्षांत मला पडला नाही.

या सिनेमांतलं बोलणं आलं कुठून ते शोधता शोधता मी ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’पाशी पोचले. पहिला प्रयोग १४ फेब्रुवारी १८९५, लंडन. त्यातल्या मुलीच्या आईचं नाव लेडी ब्रॅकनेल. वाइल्डच्या जिवलग मित्राची आई इथं ब्रॅकनेलला राहायची, वाइल्ड तिच्याकडे येऊन गेला होता. नाटकातल्या पात्रांना गावांची नावं द्यायची त्याची सवय, म्हणून आमच्या गावाचं नाव जगभरच्या रंगमंचांवर गेलं.

अँथनी अॅस्क्विथनं १९५२ मध्ये केलेला त्याचा सिनेमा आम्ही फेब्रुवारीत पाहिला. लेडी ब्रॅकनेल म्हणजे एडिथ इव्हान्स. मुलीला मागणी घालणाऱ्या तरुणासमोर ती बसते, वही-पेन्सिल काढते आणि विचारू लागते. वय, मिळकत, घरं किती, आईवडील कोण. तो सांगतो, मला आईवडील नाहीत, मी व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामान ठेवायच्या खोलीत एका हँडबॅगेत सापडलो. त्यावर एडिथ इव्हान्स ज्या सुरात त्या बॅगेचं नाव उच्चारते, त्या सुराला ते इंग्रज लोक हसत होते.

आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे गो. ब. देवल इंग्रजी नाटकावरून ‘संशयकल्लोळ’ करतात, त्यात एका तसबिरीवरून चार माणसांची झोप उडते. इथं एका बॅगेवरून. मी उत्साहानं आईंना हे सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं, “बघायला आलो होतो तेव्हा मी तुला काय काय विचारलं होतं गं?”

मला सगळं आठवत होतं. पोह्यांच्या बशा, वडिलांनी शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या. “शिक्षण विचारलंत. पुढे नोकरी करणार का विचारलंत. आणि विचारलंत, चिडलीस की बोलतेस की गप्प बसतेस?”

“तू काय म्हणालीस?”

“गप्प बसते म्हणाले. ते बरोबर उत्तर वाटलं.”

आई जरा वेळ टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. “मला बोलणारी हवी होती,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरात सगळे गप्प बसणारे. हे तर आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. म्हटलं, एक तरी बोलणारी येऊ दे. तू गप्प बसते म्हणालीस, पण वाटलं, खोटं सांगतेय पोरगी. म्हणून होकार दिला.”

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. कालनिर्णयाचा तो चौकोन कोराच आहे.

१०. सगळ्यात हलका पाय पडायला शिकलेल्या माणसाचा असतो.

कॅरी ग्रँट अमेरिकन नव्हे. तो ब्रिस्टलचा, खरं नाव आर्चिबाल्ड लीच, जन्म १९०४. आमच्याकडून रेडिंगला गाडी बदलली की दोनेक तासांत ब्रिस्टल. एप्रिलमध्ये नवऱ्याची तिथं मुलाखत होती, म्हणून आम्ही तिघंही गेलो. तो आत होता तोवर मी आणि आई मिलेनियम स्क्वेअरमध्ये ग्रँटचा पुतळा बघायला गेलो. माणसाएवढाच, चौथऱ्यावर न चढवलेला, जमिनीवर आपल्याशेजारी उभा. पाऊस नुकताच थांबला होता.

मी आईंना सांगत होते. पोरवयातच तो बॉब पेंडर यांच्या कसरतपटूंच्या ताफ्यात गेला, त्यांच्याबरोबर १९२० मध्ये अमेरिकेला पोचला. म्हणून तो असा घरंगळतो, आपटतो आणि तरी सुटाची घडी मोडत नाही. मग ते दुसरंही सांगितलं. तो नऊ-दहा वर्षांचा असताना एक दिवस शाळेतून आला तर आई घरात नव्हती. समुद्रावर विश्रांतीला गेलीय असं त्याला सांगितलं, पुढे ती वारली असं त्यानं धरलं. तिला मनोरुग्णालयात ठेवलं होतं. ती जिवंत आहे हे त्याला तिशी उलटल्यावर कळलं. ‘द ऑफुल ट्रुथ’ त्यानंतर दोन-एक वर्षांत आला, १९३७ मध्ये. ज्या सिनेमात तो स्वतःच्याच बायकोच्या गाण्याच्या मैफलीत खुर्चीसकट कोसळतो, तो सिनेमा. हे वाचल्यापासून तो प्रसंग मला आधीसारखा बघता येत नाही. हसू येतंच, पण घशाशी काहीतरी येतं.

“मग भेटली का ती त्याला?” आईंनी विचारलं.

“भेटली. १९७३ ला गेली, तोपर्यंत तो अमेरिकेतून भेटायला यायचा इथं.”

आईंनी पर्समधून रुमाल काढला, पुतळ्याच्या बाहीवरचं पावसाचं पाणी पुसलं, आणि रुमाल घडी करून परत ठेवला.

ती नोकरी काही मिळाली नाही. मे महिन्यात दुसरी लागली, थोड्या कमी पगाराची, घराजवळची.

११. परत एकदा लग्न करायचं तर घटस्फोट घ्यावाच लागतो असं नाही.

‘द ऑफुल ट्रुथ’मध्ये घटस्फोट पक्का व्हायला रात्री बारा वाजायचे आहेत. दोघं लागून असलेल्या दोन खोल्यांत आहेत. मधलं दार नीट बसत नाही, वाऱ्यानं सारखं उघडतं. तो लावतो, ते उघडतं. घड्याळातल्या दोन बाहुल्या दर पाव तासानं बाहेर येतात आणि आपापल्या दारानं आत जातात. दिग्दर्शक लिओ मॅकॅरेला यासाठी ऑस्कर मिळालं. ‘हिज गर्ल फ्रायडे’, ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’, हा, सगळ्यांत तेच. तुटलेली जोडपी तीच माणसं पुन्हा निवडतात. पहिल्या खेपेला लग्न लावलं ते घरच्यांनी, समाजानं, वयानं. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई परत गेल्या. आता शुक्रवारी रात्री आमचा सिनेमा सुरू होण्याआधी त्या फोन करतात. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते, तरी त्या जाग्या असतात. परवाच्या शुक्रवारी ‘द लेडी ईव्ह’ लावणार होतो. फोन स्पीकरवर टाकला, हा त्यांना गोष्ट सांगू लागला की बार्बरा स्टॅनविक जहाजावर पत्त्यांत ठकवणारी असते, मी म्हटलं, असं नको सांगू, आधी सापांचा अभ्यास करणारा तो हेन्री फोंडा सांग, हा म्हणाला, सापाचं नंतर, मी म्हटलं, सापाशिवाय तिचं नाव ईव्ह का ते कसं कळेल, आणि पलीकडून आईंचा आवाज आला, “अरे एकेकानं बोला, मला काही कळेना.”

आम्ही दोघांनी एकदमच पुन्हा सुरुवात केली.